साखळीहून सारंगखेड्याला: नवरा-बायकोने गाडी काढून घोडेबाजार बघायला जायचं तर

आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे, आणि आमच्या गोव्यात घोडा म्हणजे शिगम्यातला, होळीच्या सणातला. कमरेला लाकडी घोडा बांधायचा, त्याला फुलांनी मढवायचं, डोक्याला फेटा, हातात तलवार, आणि ढोल-ताशावर पुढे-मागे पावलं टाकत घोडेमोडणी नाचायची. माझा नवरा लग्नाआधी सात-आठ वर्षं नाचलाय, आणि खरा घोडा त्याने जवळून बघितला होता तो फक्त दुसऱ्यांच्या लग्नाच्या वरातीत, तोही विजेच्या दिव्यांच्या गराड्यात कंटाळून उभा असलेला. त्यामुळे खानदेशात सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो हे कळल्यापासून त्याच्या डोक्यात ते घुसलं ते घुसलंच. शेवटी आम्ही गेलो, पहिल्या वेळी अर्धं चुकलं, दुसऱ्या वेळी जमलं, आणि आता ओळखीपाळखीतले इतके जण विचारतायत की एकदाच सगळं नीट लिहून टाकते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकीचं सगळं प्लॅनिंग त्यावरच आहे. घोडेबाजार सकाळी बघायचा असतो. साडेसहा ते नऊ-साडेनऊ. तेव्हा खरारा म्हणजे घोड्यांची घासणी-पुसणी चालू असते, तोंडाला तोबरे म्हणजे दाण्याच्या पिशव्या चढवलेल्या असतात, नाल ठोकणारा नालबंद कामाला बसलेला असतो, गिऱ्हाइकाला चाल दाखवायला घोडे बाहेर काढलेले असतात आणि मालकांना बोलायला वेळ असतो. अकरानंतर नुसती गर्दी, धूळ, भोंगे आणि सेल्फी. आम्ही पहिल्यांदा दुपारी बाराला पोचलो, चार तास धक्के खाल्ले, संध्याकाळी धुळ्याला परत. नऊशे किलोमीटर जाऊन आम्ही घोड्यांचे पार्श्वभाग बघून आलो. तर हिशोब असा करायचा की तिथे कमीत कमी दोन, जमल्या तर तीन सकाळी मिळाल्या पाहिजेत.

तारीख कशी धरायची

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर. तिथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेची. इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते, २०२४ ला १४ डिसेंबर होती, २०२५ ला ४ डिसेंबर, त्यामुळे 'डिसेंबरात कधीतरी जाऊ' असं म्हणून रजा टाकू नका, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. यात्रा दत्तजयंतीला सुरू होऊन पुढे बरेच दिवस चालते, पण घोडे त्याच्या आधीच यायला लागतात आणि चांगला माल लवकर विकून निघूनही जातो. पर्यटन खात्याच्या मदतीने चेतक फेस्टिव्हल नावाचा कार्यक्रमही याच यात्रेला जोडलाय, त्यात घोड्यांच्या स्पर्धा, नाच वगैरे असतं. त्याचं वेळापत्रक वेगळं जाहीर होतं, ते बघून घ्या, पण रजा त्यावर ठरवू नका, बाजारावर ठरवा.

माझ्या मते दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी पोचणं सगळ्यात बरं. ज्यांना गर्दीची ॲलर्जी आहे त्यांनी दत्तजयंती सोडून तीन-चार दिवसांनी जावं, शनिवार-रविवार टाळून.

आमच्या घरी या तारखेचाच प्रॉब्लेम झाला. साखळीला आमचाही दत्त आहे, वाळवंटीच्या काठावरचा, आणि दत्तजयंतीला तिथे मोठा उत्सव. सासूबाई म्हणाल्या, "हांगाचो दत्त सोडून थंय खंय वतात गो?" म्हणजे इथला दत्त सोडून तिकडे कुठे निघालात. यावर उत्तर नव्हतं. मग निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघं जाऊन पाया पडून आलो, प्रसाद गाडीत ठेवला, आणि सारंगखेड्याला दत्ताला नारळ द्यायचं कबूल केलं. ज्यांच्या घरी असाच पेच आहे त्यांनी हा तोडगा वापरावा, आमचा चालला.

रजा सहा दिवसांची टाका. दोन दिवस जाताना, दोन दिवस पूर्ण तिथे, दोन दिवस येताना. सात मिळाले तर परतीला पाठ दुखणार नाही. चार दिवसांत करू असं कोणी म्हणत असेल तर त्याला एकट्याला पाठवा.

निघायच्या आधी

राहायची सोय सगळ्यात आधी करा, महिनाभर तरी आधी. सारंगखेडं लहान गाव आहे. लॉज मिळतात ते शहाद्याला, दोंडाईच्याला, नाहीतर नंदुरबारला. शहादा आणि दोंडाईचा दोन्ही जवळ, पंधरा-वीस किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे सकाळी सहाला उठून जाणं जमतं. नंदुरबार जरा लांब पडतं, धुळं तर विसराच. फेस्टिव्हलच्या वेळी तंबूंची सोयही असते, ती महाग असते पण बाजाराच्या शेजारी झोपायला मिळतं. बुकिंग फोनवर करून सोडू नका. आम्ही एका लॉजवाल्याशी फोनवर ठरवलं, दोनदा 'हो ताई, या ताई' झालं, आणि पोचलो तर आमची खोली घोडे घेऊन आलेल्या एका पार्टीला जास्त पैशात देऊन मोकळा. रात्री आठला, थंडीत, गोव्याची दोन माणसं रस्त्यावर. कसाबसा दुसरीकडे एक कोंदट रूम मिळाला. तेव्हापासून ॲडव्हान्स पाठवल्याशिवाय आणि मेसेजवर लेखी कन्फर्मेशन घेतल्याशिवाय मी बुकिंग झालं असं मानतच नाही.

थंडीवरून आठवलं. आपल्याला स्वेटर म्हणजे अमेरिकेच्या मावशीने आणलेली कपाटातली वस्तू. खानदेशात डिसेंबरात दुपारी ऊन असतं पण पहाटे पारा दहा डिग्रीच्या आसपास जातो आणि नदीकाठी वारा असतो. जाड जॅकेट, कानटोपी, मोजे, दोघांनाही. पाय झाकणारे बूट हवेतच, कारण घोड्याचा पाय आपल्या पायावर पडला तर सॅंडलमधली बोटं राहत नाहीत. भडक फडफडणारी ओढणी, छत्री, खुळखुळणाऱ्या पिशव्या नकोत, घोडे बुजतात.

गाडीचं म्हणाल तर टायर, स्टेपनी, ब्रेक, कूलंट हे नेहमीचंच. पेट्रोलची टाकी गोव्यातच फुल करा, महाराष्ट्रात महाग आहे. फास्टॅगमध्ये भरपूर पैसे ठेवा, एनएच-४८ वर टोल मोजायला बोटं पुरत नाहीत. आणि हे नीट ऐका: डिकीत बाटली ठेवू नका. एकही नको. "काजूची फेणी तिकडच्या मित्राला भेट" वगैरे चालत नाही, गोव्याची दारू परमिटशिवाय बाहेर नेणं गुन्हा आहे, आणि जीए नंबरची गाडी दिसली की एक्साइजवाले हमखास डिकी उघडायला लावतात. आमची उघडली तेव्हा त्यात निघालं काय, तर सासूबाईंनी दिलेले लाडू आणि अर्धा डझन नारळ. शिपाई जरा हिरमुसला.

रस्ता

साखळीपासून सारंगखेडा साधारण पावणेनऊशे ते नऊशे किलोमीटर. आम्ही केरी-चोर्ला घाट-जांबोटीवरून बेळगाव गाठतो, तिथून एनएच-४८ ने कोल्हापूर, सातारा, पुणे, मग नाशिक, मग मुंबई-आग्रा हायवेने धुळे. पेडणे-म्हापसा बाजूच्यांना सावंतवाडी-आंबोलीवरून वर चढणं सोपं. चोर्ल्याचा रस्ता कधी बरा असतो, कधी खड्ड्यांच्या मधून रस्ता शोधावा लागतो, त्यामुळे पावसाळ्यानंतर कोणीतरी नुकतं जाऊन आलेलं असेल त्याला विचारून ठरवा.

एक गंमत सांगते. ज्या घाटाने आपण घोडे बघायला वर चढतो त्याच सह्याद्रीच्या घाटांनी एके काळी घोडे आपल्याकडून वर जायचे. गोव्याचं बंदर म्हणजे अरबी घोड्यांचा मोठा बाजार होता, होर्मुझहून जहाजं भरून घोडे यायचे आणि विजयनगर, विजापूरच्या फौजांना विकले जायचे. दख्खनच्या हवेत अरबी घोड्यांची पैदास नीट होईना, म्हणून दरवर्षी नवे लागायचे. त्याकाळच्या एका पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने विजयनगरचा राजा वर्षाला १३,००० घोडे घेतो असं लिहून ठेवलंय. १५१० ला आफोंसो द अल्बुकेर्कने गोवा घेतला त्यामागे या व्यापारावर ताबा मिळवणं हेही एक मोठं कारण होतं. म्हणजे आपल्या इतिहासात घोड्याचा इतका हात, आणि आज बघायचा तर नऊशे किलोमीटर. नवरा हे चोर्ल्याच्या प्रत्येक वळणावर ऐकवत होता.

पहिला दिवस. पहाटे पाचला निघा. घाट अंधारात चढायचा नसेल तर साडेपाच, पण सहा नाही. नाष्टा बेळगावच्या पुढे, जेवण कोल्हापूर-कराड पट्ट्यात. तांबडा-पांढरा रस्सा बघून मोह होईल, पण मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर घरच्यांना फोटो पाठवू नका. साताऱ्याला कंदी पेढे घ्या, पुढचे दोन दिवस तेच कामाला येतात. आता मुद्द्याचं, पहिला मुक्काम पुण्यात करू नका. पुण्यात झोपलात की दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास गेलेच समजा, कंपन्यांच्या बसेस आणि कंटेनर. त्याच्या पुढे निघून नारायणगाव किंवा आळेफाट्याला थांबा. पाचशे किलोमीटरच्या आसपास होतात, दमायला होतं, पण दोघं चालवणारे असाल तर जमतं. एकच जण चालवणार असेल तर सरळ साताऱ्याला थांबा आणि दुसऱ्या दिवशी अंधारात उठून पुणं पार करा.

दोघांत चालवायची वाटणी आधीच ठरवा. आमच्यात घाट माझा, हायवे त्याचा, आणि जो चालवत नाही त्याने मोबाईलवर रील बघायची नाहीत, रस्ता सांगायचा. गाणी चालवणाऱ्याची. दर दोन तासांनी थांबायचं, 'अजून थोडं पुढे जाऊ' हे वाक्य बंद. ही वाटणी पहिल्या ट्रिपला नव्हती आणि संगमनेर ते सिन्नर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

दुसरा दिवस. आळेफाटा, संगमनेर, सिन्नर, नाशिकला बाहेरून वळसा, मग चांदवड. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे, चहाच्या निमित्ताने बघून घ्या. मग मालेगाव, धुळे. धुळ्याच्या थोडं अलीकडे हायवेवरूनच लळिंगचा किल्ला दिसतो. धुळ्याहून आग्रा बाजूला सोनगीरपर्यंत जायचं आणि तिथून चिमठाणे, दोंडाईचा करत आत शिरायचं. दोंडाईच्यापासून पुढे तापीचा पूल येतो, यात्रेच्या दिवसांत या पुलाच्या आसपास गाड्या तुंबतात, म्हणून दुपारी चारच्या आत पोचा. त्या पट्ट्यात डिसेंबरात आणखी एक बघण्यासारखं म्हणजे मिरची. नंदुरबारची मिरची बाजारपेठ प्रसिद्ध, आणि मोकळ्या पटांगणात एकरच्या एकर लाल मिरची वाळत टाकलेली असते. खिडकी खाली करून फोटो काढायचा मोह आवरा, मी अर्धा तास शिंकत होते.

त्या संध्याकाळी बाजारात फक्त एक चक्कर मारा, घोडे कुठे, गाई-बैल कुठे, पार्किंग कुठे, नालबंद कुठे बसतो एवढं बघा, दत्ताचं दर्शन घ्या आणि लवकर झोपा. जेवायला शेवभाजी आणि भाकरी. कळण्याची भाकरी, भरीत आणि ठेचा कुठे मिळालं तर सोडू नका. खानदेशी तिखट म्हणजे आपल्या सुंगटाच्या हुमणाचं, कोळंबीच्या आमटीचं तिखट नव्हे, आधी दही मागवा. बोली अहिराणी, पहिल्यांदा एका आजोबांनी "उनात का?" म्हणून विचारलं तर आम्हाला वाटलं उन्हात उभे आहात का असं विचारतायत. ते 'आलात का' विचारत होते.

बाजारातली पहिली सकाळ

साडेसहाला हजर. घोडे रांगेने बांधलेले असतात, पुढून मोहरकीची म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याची दोरी आणि मागून पायाला दोरी, याला अगाडी-पिछाडी म्हणतात. दोन रांगांच्या मधून चालायचं असेल तर आधी बघून घ्या की कुठल्या घोड्याची मागची दोरी सैल आहे. घोड्याला जवळजवळ चारही बाजूंचं दिसतं, फक्त बरोबर मागे आणि बरोबर नाकासमोर दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नका, समोरून थेट तोंडावर हात नेऊ नका. डाव्या खांद्याच्या बाजूने, हळू, काहीतरी बोलत जायचं, आधी मालकाला विचारून, आणि हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवायचा. कान पुढे म्हणजे लक्ष आहे, कान मागे चिकटवले की तुम्ही निघा. शेपटी जोरात फटकारणं, मागचा पाय उचलून धरणं, हेही तेच सांगतं.

खायला काही देऊ नका. मला माहितीये, गूळ घेऊन जायची सगळ्यांना हौस असते, मीही नेला होता. घोड्याला ओकारी येत नाही, पोटात काही बिघडलं तर वर काढायची सोय नाही, पोटशूळाने घोडा दगावू शकतो. लाखांचं जनावर आहे, मालकाचं पोट त्यावर. मालक स्वतः म्हणाला तरच, आणि तेव्हा तळहात सपाट ठेवून, बोटं मिटवून नाही. ज्याच्या नाकातून घट्ट शेंबूड येतोय किंवा अंगावर फोड आहेत त्या घोड्याच्या जवळही जाऊ नका, ग्लँडर्स नावाचा रोग असतो तो माणसालाही होतो. साबण सोबत ठेवा, चहा-भजी खायच्या आधी हात धुवायचे.

मग बघायचं काय? जाती ओळखायला शिका, अर्ध्या तासात जमतं. कानाची टोकं आत वळून एकमेकांकडे आलेली असली तर मारवाडी किंवा काठियावाडी. मारवाडी उंच, लांब मान, काठियावाडीचे कान आणखी जास्त वळलेले आणि चेहरा जरा आखूड, कपाळ रुंद. पंजाबी नुकरा पांढरा, पण नुसता पांढरा नव्हे, कातडीही गुलाबी. वय झाल्यामुळे पांढरा पडलेला घोडा वेगळा, त्याच्या नाकाभोवतीची कातडी काळी असते. आपल्या मराठी मुलखाचा घोडा म्हणजे भीमथडी, भीमेच्या काठचा, उंचीला कमी, काटक, मराठा फौजांचा घोडा. बरीच वर्षं त्याला मिश्र दख्खनी म्हणून बाजूला टाकलेलं होतं, अलीकडे त्याची वेगळी देशी जात म्हणून नोंद झालीये. बाजारात रुबाब मारवाड्यांचा, पण धनगरांबरोबर डोंगर चढणारा हाच छोटा.

रंगांची नावं मालकांकडून ऐका. कुमाईत म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपटी, अबलख म्हणजे पांढरे पट्टे-ठिपके असलेला, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, हा शुभ. मग भोवरे. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात आणि ते कुठे आहेत यावर किंमत वर-खाली होते. मानेखाली गळ्याशी असला तर देवमण, फार शुभ. काही जागचे अशुभ, आणि तसा घोडा कितीही चांगला असला तरी पाडून मागतात. मी विज्ञान शिकवते त्यामुळे माझ्या पोटात दुखलं, पण तिथे वाद घालू नका, ऐका, फार मजेशीर आहे. नवऱ्याने एकाला विचारलं, अशुभ भोवऱ्याचा घोडा तुम्ही घ्याल का, तर तो म्हणाला स्वस्त मिळाला तर घेईन. म्हणजे झालं.

वय दातावरून. अडीच वर्षांच्या सुमारास समोरचे मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्याच्या शेजारचे, साडेचारला कोपऱ्यातले, पाचला तोंड पूर्ण. त्यापुढे दातावरच्या खळग्यांची झीज बघून अंदाज. मालकाला 'दात दाखवता का' असं विचारलं की तो तुम्हाला जरा गंभीरपणे घेतो, हा माझा अनुभव. उंची इंचात सांगतात, खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, त्रेसष्ट-चौसष्ट इंच म्हटलं की आजूबाजूचे माना डोलावतात.

आणि चाल. ही बघायला विसरू नका, सगळ्यात सुंदर तीच. दुडकी सगळ्यांना माहितीये, स्वाराला उडवते. रवाल चालीत घोडा भराभर जातो पण पाठ हलत नाही, वर बसलेल्या माणसाचा फेटा जागचा हलत नाही. पहाटेच्या धुक्यात एक म्हातारे गृहस्थ कुमाईत घोडीवर अशी रवाल काढून गेले, आणि माझा नवरा, जो सात वर्षं कमरेला लाकडी घोडा बांधून नाचलाय, तो मला म्हणाला, "आपण पावलं चुकीची टाकत होतो."

नाचणाऱ्या घोड्यांबद्दल माझं मत वेगळं आहे. खाटेवर चढवून, हलगीच्या तालावर नाचवतात, गर्दी त्यालाच जास्त. काही घोडे खरंच प्रेमाने शिकवलेले असतात. पण तोंडाशी बघा, रक्त किंवा फेसात लाली दिसली तर काटेरी लगाम घातलेला असू शकतो, आणि तो १९६५ च्या नियमांनी बंद आहे. तसं दिसलं तर तिथे पैसे टाकू नका, व्हिडिओ काढून वाहवा करू नका, आणि बाजारात जनावरांचे सरकारी डॉक्टर असतात त्यांना सांगा.

कोटीची किंमत लावलेला घोडा दरवर्षी पेपरात येतो. बघा जरूर, पण ती मागितलेली किंमत असते, दिलेली नव्हे. त्याच्या तंबूसमोर तासभर रांग लावण्यापेक्षा शेजारच्या साध्या घोड्याच्या मालकाशी बोला.

दुसरी सकाळ, आणि न घेण्याचा करार

पहिल्या दिवशी हिंडून ज्यांच्याशी ओळख झाली त्यांच्याकडेच दुसऱ्या सकाळी परत जा. इथेच तीन सकाळींचा फायदा, दुसऱ्या दिवशी तुम्हाला लोक ओळखतात, "गोवावाले आले" म्हणून चहा येतो, आणि थोडं बसायला मिळतं का विचारता येतं. बसायचं असेल तर फुल पॅंट, टाच असलेला बूट, आणि सायकलचं का होईना हेल्मेट. चढायच्या आधी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, घट्ट आहे का हात घालून बघा. रिकीबीचं, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचं माप असं, बोटांची टोकं खोगिराला वर लावून हात सरळ धरला की रिकीब काखेत यायला हवी. पाय पुढचा चवडाच टाका, पूर्ण पाय आत अडकवू नका, पडलात तर घोडा फरपटत नेईल. लगाम ओढून धरायचा नाही. आणि दोघांनी एकावर बसून फोटो, हे नकोच, त्या जनावराची पाठ आहे ती.

आता करार. घोडा विकत घ्यायचा नाही, हे साखळीतच ठरवा, शक्य तर कागदावर. हसू नका. दुसऱ्या सकाळी माझा नवरा एका सात-आठ महिन्यांच्या शिंगराजवळ गेला, त्याने याची बाही चावली, आणि संपलं. मालकाने दीड लाख सांगितले, दलाल लगेच याच्या खांद्यावर हात टाकून बाजूला घेऊन गेला. मी मोबाईलवर हिशोब मांडला. चारशे किलोचं जनावर दिवसाला आठेक किलो सुका चारा खाणार, तीस-चाळीस लिटर पाणी पिणार, वर हरभरा, नालबंद, डॉक्टर, राखायला माणूस. आमच्याकडे कडबा येणार कुठून, आणि चार महिने पावसात खूर कुजणार त्याचं काय. साखळीत नालबंद कोण, सांग, मी म्हटलं. त्याला एकही नाव आठवेना. तेव्हा सुटला.

ज्यांना खरंच घ्यायचाय त्यांनी पहिल्या वर्षी फक्त बघावं, दुसऱ्या वर्षी आपला डॉक्टर घेऊन यावं, ग्लँडर्सची तपासणी झाल्याचा दाखला मागावा, बाजार समितीची पावती घेतल्याशिवाय पैसे सोडू नयेत. दलालाच्या घाईला बळी पडू नका, संध्याकाळपर्यंत भाव उतरतोच.

दुपारी काय करायचं? प्रकाशा जवळ आहे, तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं मंदिर, तिकडचे लोक दक्षिणकाशी म्हणतात. सातपुड्यात तोरणमाळ आहे, घाट चढून वर तलाव आणि थंडी, पण त्याला अख्खा दिवस लागतो आणि एक सकाळ बुडते. आम्ही गेलो नाही, दुपारी झोपलो.

येताना

तिसरी सकाळ नऊपर्यंत उरकून निघा. मुक्काम संगमनेर-आळेफाट्याच्या आसपास, दुसऱ्या दिवशी अंधारात चाकण पार, रात्री घरी. मिरची घेतली तर दुहेरी पिशवीत बांधून डिकीत एकदम मागे, आमच्या गाडीला जानेवारीपर्यंत वास होता.

घोड्याऐवजी काय आणायचं हे मात्र सांगायलाच हवं, कारण सामानाची दुकानं म्हणजे दुसरा बाजारच. लोकरी गोंडे, मण्यांच्या माळा, घुंगरांचे पट्टे, नक्षीच्या मोहरक्या, खोगिराखालचे रंगीत नमदे, खरारे, सगळं. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरू करा. आम्ही घोडेमोडणीच्या लाकडी घोड्यासाठी घुंगरांचा गळपट्टा आणि लाल-पिवळे गोंडे घेतले. जाणार असाल तर आपल्या लाकडी घोड्याच्या मानेचं माप सुतळीने घेऊन ठेवा, आम्ही अंदाजाने आणला तो खऱ्या घोडीच्या मापाचा निघाला, आणि साखळीच्या चांभाराकडे तीन भोकं पाडून घ्यावी लागली.